दुसरी वाटी

कोल्हापुरात माणसाला तोंडावर काय वाट्टेल ते बोला, पण रस्सा वाढताना हात आखडू नका. दिलेली शिवी माणूस चहा पिऊन विसरतो, अर्धी वाढलेली वाटी मात्र नातवंडांपर्यंत सांगत बसतो. शाहूपुरीतल्या पिराजी खानावळीत तर हा कायदाच होता. पिराजी स्वतः एका हातात बादली आणि दुसऱ्यात ओगराळं घेऊन पंगतीतनं फिरायचा, आधी तांबडा, मागनं पांढरा. जेवणाऱ्यानं वाटीवर तळहात आडवा धरेपर्यंत त्याचं वाढणं थांबायचं नाही. नुसतं 'बास' म्हटलेलं त्याला ऐकूच जात नसे.

"तोंड खोटं बोलतंय पावणं," तो म्हणायचा, "हात खरं बोलतोय. हात दावा."

शिरोली एमआयडीसीत भट्टीवर काम करणारा कृष्णात तर हात दाखवायचाच नाही. पिराजी वाढून दमायचा आणि कृष्णात पिऊन दमायचा नाही, आणि दोघांनाही त्यात भारी मौज वाटायची. बाकीचे जेवायचं सोडून बघत बसायचे.

या बादल्या भरायची ती पिराजीची बायको, चिमणाबाई. गिऱ्हाइकं तिला आक्का म्हणत. माहेर आजऱ्याचं, त्यामुळं पांढऱ्या रस्स्यात काजू पडायचा तो भावाच्या घरचा. चूल लाकडाची. मसाला पाट्यावरचा, आणि पाट्यावर बसणारी विठाबाई, जी समोरच्याच आळीत राहायची. चिमणाबाई बाहेर कधी दिसायची नाही. पण पंगतीतनं कुणी ओरपल्याचा आवाज आला की आत तिला कळायचं, हा तांबडा होता की पांढरा. राग मात्र तिचा वाईट. एकदा धरला की बाईनं तो लोणच्यासारखा मुरवलाच म्हणून समजा.

पोटी मूल नव्हतं. धाकट्या दिराचा राजवीर हेच घरातलं लेकरू. त्याच्या ताटात रविवारी नळी पडायची, आणि नळी मटणात एकच असली तरी ती त्याच्याच ताटात पडायची. पुढं तो पुण्याला हॉटेलचं शिकायला गेला. त्याची फी भरताना पिराजी सगळ्या पंगतीला सांगत सुटला होता की आमचा राजा परत येऊन खानावळीचं सोनं करणार.

मग पिराजी गेला. दवाखान्यात शेवटाला जीभ जड झाली होती, तरी शेजारच्या खाटेवरच्या माणसाला त्यानं विचारलं, "पावणं, जेवलासा का?" एवढंच त्याचं शेवटचं बोलणं. ते ऐकायला घरचं म्हणून चिमणाबाईशिवाय कुणी जवळ नव्हतं, हे ध्यानात ठेवा.

राजवीर परत आला आणि त्यानं सोनं केलं, म्हणजे सोनेरी रंग दिला. बाकडी गेली, गाद्यांच्या खुर्च्या आल्या. पाटीवर 'पिराजीज् किचन' असं झालं, आत दिवे पेटणारं. सांगलीला शाखा झाली, कऱ्हाडला झाली, साताऱ्याला झाली, पुण्यात तर दोन-दोन झाल्या. पुण्याचे कोण भागीदार पैसा घालत होते. रस्सा आता शिरोलीच्या एका शेडमध्ये शिजायचा, पाकिटात बंद व्हायचा, बर्फात गोठायचा आणि टेम्पोत बसून गावोगाव जायचा. तिकडं पाकीट फोडायचं, गरम करायचं, झाला रस्सा. हा रस्सा होय? तोंड धुवायला बरा.

चूल काढली तेव्हा चिमणाबाई गप्प बसली. पोराला काहीतरी नवं करू द्यावं, असं तिनं स्वतःला बजावलं. मग राजवीरनं तिला दारातच एक चूल करून दिली. थर्माकोलची, आत लाल बल्ब. त्याच्यासमोर पाट, पाटावर चिमणाबाई, हातात पिठाचा गोळा. येणाऱ्या-जाणाऱ्याला 'या पावणं' म्हणायचं आणि फोटोला बसायचं. भाकरी थापायची, पण भाजायची नाही. एका पोरीनं जवळ येऊन तिच्या गालाला बोट लावलं आणि आईला सांगितलं, "मम्मी, ही खरी हाय."

एक दिवस एका गिऱ्हाइकानं जाता जाता तिला म्हटलं, "आक्का, रश्श्याला पैल्यासारखी चव न्हाय की वो." चिमणाबाईनं पिठाचा हात झटकला. "माझा न्हवं त्यो," ती म्हणाली, "शिरोलीच्या शेडातला हाय. तिथल्या कुणाला तरी इचारा." सगळ्या हॉटेलानं ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून राजवीरनं तिला घरी विश्रांती घ्यायला सांगितली. काकी, तू आता दमलीस, म्हणाला.

विश्रांतीचंही तिनं गिळलं असतं. पण आठवडाभरानं पोरगं घरी आलं आणि म्हणालं, "काकी, तुझं ते हिरवं इरकल दे की. एक दिवस फोटोला पायजे." ते लुगडं पिराजीनं खानावळीच्या पहिल्या दिवाळीला घेतलेलं. तिनं दिलं. परत आलं नाही. मग एकदा बाजाराला म्हणून ती शाहूपुरीत गेली आणि आपल्याच दारासमोर उभी राहिली. थर्माकोलच्या चुलीपुढं फायबरची एक बाई बसवली होती. अंगावर तिचं लुगडं, कपाळावर, पिराजी असताना ती लावायची तेवढंच कुंकू. नाक मात्र तिच्यापेक्षा सरळ. कॉलेजची पोरं बाहुलीच्या गळ्यात हात टाकून फोटो काढत होती. वर पाटीवर पिराजीचं नाव लुकलुकत होतं.

चिमणाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी माणसं तिनं पाहिली होती, पण वासे काढून वर घरमालकाचं नाव त्यांना चिकटवणारा हा पहिलाच. त्याच रस्त्यात, भाजीची पिशवी हातात घेऊन, ती मनाशी बोलली: ह्या पाटीवरनं त्येंचं नाव खाली उतरवीन. उतरत न्हाय तवर वाढायची बादली हातात धरणार न्हाय.

आता नाव उतरवायचं कसं? भांडून उतरत नव्हतं, पोलिसांत जाऊन उतरत नव्हतं. राजवीर त्याच घरचा, नाव त्याच्याही घरचं. तिनं वाट बघितली. वाट बघायला ती शिकलेलीच होती, बकऱ्याच्या पायाचं हाड रस सोडेपर्यंत चुलीपुढं बसणारी बाई. आणि वाट बघता बघता एका रविवारी दुपारी राजवीरच चालत आला, मटणाच्या वासावर.

तिनं ताट वाढलं. पोरगं वाळलं होतं. दोन वाट्या रस्सा प्यायला, मग म्हणाला, "काकी, एक विचारू? काकांना हे परवडायचं कसं? खोबरं बघ कुठं गेलंय, काजू बघ. भागीदार माझ्या डोक्यावर बसलेत. म्हणतात, रस्सा फुकट वाटणारी कंपनी आम्ही कुठं बघितली न्हाय."

चिमणाबाईचं ओगराळं भांड्यातच राहिलं. देव देतो तेव्हा हा असा देतो.

"परवडत न्हवतंच," ती म्हणाली. "कुणाला सांगितलं न्हाय इतकंच. दवाखान्यात मला म्हणालं, एक चूक झाली माझी. दुसऱ्या वाटीला पैसं लावाय पायजे हुतं. लोकं निम्मं टाकून उठत्यात, अन्नाचा अपमान हुतोय."

राजवीर घास हातात धरून बसला. तो काही खुळा नव्हता, याच मातीत वाढलेला. "लोक चिडतील की काकी."

"चार दिस चिडतील. पाचव्या दिवशी येतील. कुठं जात्यात?" तिनं भाकरी मोडून त्याच्या ताटात टाकली. "त्येंची छाती झाली न्हाय. तुझीबी न्हाय व्हायची. जाऊ दे, तू जेव."

"काका खरंच असं म्हणाले?"

त्यानं हे विचारताना वर बघितलं, आणि त्याचे डोळे लहानपणी ताप आला की व्हायचे तसे झाले होते. काकांवर जीव होता त्याचा, हे खोटं म्हणता येणार नाही. चिमणाबाईला ते दिसलं. तिला वाटलं असतं तर तिथंच हसून म्हणता आलं असतं, अरे चेष्टा केली. पण तिला त्या बाहुलीचं सरळ नाक आठवलं.

"तुझ्या गळ्याशपथ," ती म्हणाली, आणि नळी त्याच्या ताटात घातली.

जाताना राजवीर पाया पडला. तिनं आशीर्वाद दिला. काट्यानं काटा काढावा, पण इथं तिनं मेलेल्या माणसाच्या तोंडातनं काटा काढला. त्याची किंमत तिला त्या दिवशी कळली नाही. त्या दिवशी तिला शांत झोप लागली.

महिन्याच्या आत सगळ्या शाखांत दुसऱ्या वाटीला पैसे लागले, आणि मग कोल्हापूरनं कोल्हापूरपण दाखवलं. मटण महाग केलं असतं तर लोक कुरकुरले असते आणि खात राहिले असते. ताट लहान केलं असतं तरी चाललं असतं. पण रस्सा? रस्सा हा काय विकायचा माल आहे? तो आग्रहाचा असतो, आणि आग्रहाचे पैसे लावणारा माणूस उद्या 'या बसा' म्हटल्याचेही लावेल. पहिल्याच आठवड्यात एका तालमीतली पोरं घरनं किटल्या भरून रस्सा घेऊन आली आणि हॉटेलच्या दारात रस्त्यावर उभी राहून जाणाऱ्या-येणाऱ्याला फुकट वाढायला लागली. "हात आडवा करा पावणं, न्हायतर थांबत न्हाय." गर्दी अशी जमली की रिक्षा वळून जायला लागल्या. पुण्याच्या शाखेतही मूळची इकडचीच पोरं जेवायला जायची, त्यांनी जायचं सोडलं. गेली ती पहिली वाटी पिऊन, ती पालथी घालून उठायची.

या बातम्या विठाबाई आणायची. दुपारी येऊन उंबऱ्यात बसायची आणि सांगायची, आज साताऱ्याची शाखा बंद झाली. चिमणाबाई उठायची, गूळ-खोबरं आणायची, विठाबाईच्या हातावर ठेवायची आणि आळीतल्या पोरांना वाटायची. कऱ्हाडला गूळ-खोबरं. सांगलीला गूळ-खोबरं. पुण्याची पहिली शाखा बुडाली तेव्हा तिनं शिरा केला, साजूक तुपातला.

"लोकं काय म्हणत्यात गं?" ती विचारायची.

"म्हणणार काय. शिव्या देत्यात."

"कशा देत्यात? सांग की."

विठाबाई शिरा चिवडत बसायची. "शिव्या म्हणजे शिव्याच की आक्का. त्यात काय ऐकायचं." आणि पदर झटकून उठायची. चिमणाबाईला वाटायचं, हिला माझा आनंद बघवत न्हाय. पण तिनं एकदाही विचारलं नाही की शिव्या कुणाच्या नावानं देत्यात. विचारायला काय होतं? तिच्या डोक्यात नाव एकच होतं, राजवीर. शहराच्या डोक्यातही तेच असणार, असं ती धरून चालली.

शेवटी शाहूपुरीतलं मूळ दुकानच बंद व्हायचा दिवस आला. भागीदार पैसा काढून केव्हाच मोकळे झाले होते. चिमणाबाई डोक्यावरनं न्हाली आणि पाटी उतरताना बघायला गेली. शिडीवरच्या माणसानं एकेक खिळा काढला, तिनं एकेक खिळा बघितला. पाटी खाली आली तेव्हा तिच्या छातीतलं ओझं उतरलं, हे खरंच सांगतो. तिनं फायबरच्या बाहुलीपाशी जाऊन, भर रस्त्यात, तिच्या अंगावरचं लुगडं सोडलं आणि घडी घालून काखेत मारलं. कुणी अडवलं नाही.

राजवीर आतनं आला. दाढी वाढलेली. तिच्याशी भांडेल असं तिला वाटलं होतं, तिनं उत्तरंही तयार ठेवली होती. तो भांडला नाही.

"पाटी घेऊन जा काकी, तुझीच हाय," तो म्हणाला. "मला एवढंच वाईट वाटतंय, काकांचं कुणी ऐकलं न्हाय. मी तर कुठं लपवलं न्हवतं, सगळ्यांना कळावं म्हणून सगळ्या टेबलांवर लावलं हुतं." त्यानं खिशातनं एक जाड चकचकीत कार्ड काढून तिच्या हातात दिलं. "माझं बुडालं त्याचं काय न्हाय. मी त्यांची शेवटची इच्छा तरी पाळली."

कार्डावर पिराजीचा फोटो होता, बादली हातात घेतलेला, हसणारा. खाली ठळक अक्षरांत छापलं होतं: 'स्वर्गीय पिराजी यांची अंतिम इच्छा: अन्नाचा मान राखा. दुसऱ्या वाटीपासून पैसे आकारले जातील.' चिमणाबाई चौथी शिकलेली. तिनं ते बोट ठेवून वाचलं, आणि परत पहिल्यापासून वाचलं.

तिथं, राजवीरसमोर, ती काही बोलू शकली असती. पण बोलायचं म्हणजे त्याला सांगायचं की मी तुला बुडवलं, आणि त्याच्यावरचा राग अजून इतका संपला नव्हता. ती पाटी टेम्पोत घालून घरी आली. वाटेत तिनं स्वतःला समजावलं: कार्डाला कोण विचारतो? कोल्हापूर माझ्या मालकाला ओळखतंय. चाळीस वर्षं जेवलंय त्यांच्या हातचं. कागदावर विश्वास ठेवंल का हातावर?

घराच्या सोप्यात तिनं चूल घातली. आजऱ्याहनं काजू मागवला. विठाबाईला पाट्यावर बसवलं. जुन्या गिऱ्हाइकांना निरोप धाडले, रविवारी जेवायला या, पैल्यासारखं. आणि रविवारी हिरवं इरकल नेसून, पदर खोचून, तिनं बादली हातात घेतली. पिराजीची बादली.

बोलावली होती त्यातली निम्मीच माणसं आली. आली ती भिंतीकडेला अंग चोरून बसली, जशी मयताच्या घरी बसतात. मधोमध कृष्णात होता. भट्टीवरचा गडी, आता केस पांढरे झालेला. तिनं पहिली वाटी सगळ्यांना ताटाबरोबरच भरून दिली होती. कृष्णातनं ती डोळे मिटून संपवली. पहिल्यासारखीच ओरपली, आणि आवाज ऐकून चिमणाबाईला रडू यायचं बाकी राहिलं. ती बादली घेऊन त्याच्यापुढं आली, ओगराळं भरलं.

कृष्णातनं वाटीवर हात आडवा धरला.

"आरं, एक वाटी झाली तुझी," ती म्हणाली.

"बास आक्का. प्वाट भरलं."

ताटात दीड भाकरी तशीच होती. मटणाला हात लागला नव्हता. चिमणाबाईला नवऱ्याचे शब्द आपोआप तोंडात आले. "तोंड खोटं बोलतंय पावणं. हात दावा."

"हातच दावलाय की," कृष्णात म्हणाला. मान वर केली नाही त्यानं. त्याच्या बोलण्यात राग असता तर ती त्याला पुरून उरली असती, पण राग नव्हताच. "मालकांच्या मनात असं काय हुतं, ते आम्हाला कळलंच न्हाय बगा. इतकी वर्सं आमी नुसतं वरपत बसलो. बिचारं तोंडावर हसायचं आन् आतनं जळत असंल. जाताना बोललं. मला तर घास गोड लागंना झालाय आक्का. तुमी पैसं लावा, मग घेतो."

बाकीच्यांनी जेवण थांबवलं होतं. बादली चिमणाबाईच्या हाताला जड झाली, तिनं ती खाली ठेवली नाही.

"त्ये तसं बोललंच न्हाईत," ती म्हणाली. "मी बोलले त्ये. राजवीरला बुडवाय म्हणून. दवाखान्यात त्येनी शेजारच्याला इचारलं, जेवलासा का. एवढंच. मरताना एवढंच इचारलं रं त्येनी."

मसाल्याच्या पाट्यावर विठाबाईचा वरवंटा थांबला. कृष्णातनं आता वर बघितलं. त्याच्या तोंडावर माया होती, आणि तीच चिमणाबाईला सोसली नाही.

"असू दे आक्का," तो हळू म्हणाला. "नवऱ्याचं झाकायचं न्हाय तर कुणाचं झाकायचं. आमच्या मनात काय न्हाय."

"तुझ्या गळ्याशपथ, कृष्णात."

तिच्या तोंडातनं शपथ निघाली, आणि ती कुठली शपथ आहे हे तिचं तिला ऐकू आलं. त्या शपथेवर राजवीरनं एका क्षणात विश्वास ठेवला होता. कृष्णातनं मान डोलावली, म्हाताऱ्या माणसापुढं डोलावतात तशी, आणि उजव्या हातानं कोरडी भाकरी खायला लागला. डावा हात वाटीवर होता. तो त्यानं ताट संपेपर्यंत काढला नाही.